दाईचा मुलगा

रय शहरात, चामडं कमावणाऱ्यांच्या गल्लीमागे आमचं घर.
दाराला बाहेरून एक घंटा टांगलेली.
कुणाला कळा लागल्या की वाजते.

उस्ताद आज म्हणाले, आधी डोळा घेतो,
रंगासकट, जागेसकट, अंगावरच्या उन्हासकट.
वस्तू निघून गेली तरी कल्पना ते सांभाळते.
मग मन एकेक गाठ सोडवतं :
किती, कुठे, कधी, कुणाचं.
उरतं ते कुणाच्याच मालकीचं नसतं.

मी विचारलं, सोलता सोलता काहीच उरलं नाही तर?
"सोलणं तुझं काम, रूझबेह.
दिसणं वरून येतं.
तू काच पुसत राहा."

वहीत लिहिलं : माणूसपण. ना एक, ना अनेक.
आणि ते चार शब्द खोडून टाकले.

पहाटे आई आली. कोपरापर्यंत मिठाचे हात.
मी विचारलं, आजवर किती मुलं आली तुझ्या हातून?
"मोजतंय कोण?"
मग मूल म्हणजे काय, हे तुला कधी कळलं?

ती भाकरीचा तुकडा मोडून तशीच बसली.
"पहिल्यांदा काही कळलं नाही.
हातात आलं ते ओलं, तापलेलं, शहरनाजचं.
दुसरं तसं नव्हतं. तिसरं पायाळू.
विसाव्याच्या सुमाराला कधीतरी
दिवा विझला, वात सापडेना,
आणि अंधारात हातालाच कळलं.
कुणाचं, ते नाही. मूल.
त्यानंतर भ्यायले नाही कधी.
कुठून आलं विचारू नकोस,
मी तेव्हा काहीच आठवत नव्हते."

मी उठून उभाच राहिलो.
आई, हेच! उस्ताद हेच सांगतात!

तिने तुकडा खाली ठेवला.
"आजचं रडलं नाही.
त्याच्यात होतं का रे, ते तुझं माणूसपण?"

होतं, मी म्हणालो. पूर्ण होतं.
ते कमीजास्त होत नाही.

"बरं," ती म्हणाली. खरंच तिला बरं वाटलं असावं.
मग डावा हात मांडीवर उताणा ठेवून
बराच वेळ बघत राहिली.
"हा अजून जड आहे.
हे सोलून कुठे ठेवू?"

घंटा वाजली. पिशवी घेऊन ती गेली.

मी वही ओढली, खोडलेल्या शब्दांखाली लिहिलं :
सफर महिना, मंगळवारची रात्र.
लगाम विणणाऱ्या फरामर्झचं घर, विहिरीकडची खोली.
मुलगी.
वजन : आईच्या डाव्या हाताला ठाऊक.