मोडशिंगीचं पोर

हिवराच्या फांदीला काटा टांगलाय.
आकड्याला जुनी चादर, चादरीच्या झोळीत करडू,
चार खुर बाहेर आणि ओरडणं असं
की निम्म्या ढोकरवाडीला वाटतं
पशुसखी कुणाचं तरी बोकूड कापतेय.

आठ किलो चारशे.
खुरांना माती आहे, तेवढी सोडून देते.

वहीला सहा रकाने,
प्रत्येकाच्या डोक्यावर रुपये,
भूमच्या दवाखान्यातल्या इंगोले मॅडमनी
बाजाराची दोन वर्षांची भावपट्टी मांडून काढलेले.
तीन महिन्यांचं वजन, किलोमागे इतके.
पहिलं वेत लवकर, महिन्यामागे इतके.
जगलेलं करडू:
इथला आकडा एवढा मोठा की मी दोनदा विचारला.
आणि आईचं अंग थोराड असेल तर उणे.
हो, उणे.
थोराड आई वर्षभर खाते,
तुरीचं भुसकट काय फुकट येतं, मॅडम म्हणाल्या.

गुणायचं, मिळवायचं, वजा करायचं.
एका जनावराचा एक आकडा. बास.

जैतूनबी चाचींचा सरदार
काळा, पाण्यातून आत्ताच काढल्यासारखा,
कान गळ्याच्या खाली लोंबणारे.
तो निघाला की गल्ली आपोआप रुंद होते.
चार गावच्या शेळ्या त्याच्याकडे येतात,
खेपेला शंभर रुपये आणि शेरभर ज्वारी.
त्याचा आकडा निघाला एकेचाळीस.

मोडशिंगीच्या पोराचा एकशे सव्वीस.

मोडशिंगी म्हणजे शिवगंगा भालेरावची,
एक शिंग बाभळीत अडकून गेलेलं,
चार वेतं, नऊ करडं, आठ जगली.
पोराचा एक कान दुमडलेला, गुडघे जवळजवळ,
बाजारात दात बघायलासुद्धा
कुणी त्याचं तोंड उघडणार नाही.

"पोरी, तुझ्या काट्याला डोळे हायत का?"
चाची म्हणाल्या.
"मागल्या बकरी ईदला ह्याच्या भावाचे पन्नास हजार आले,
ते कुठल्या रकान्यात?"

मी फोन लावला.
मॅडम जरा गप्प झाल्या, मग म्हणाल्या, बरोबर आहे त्यांचं.
रूपालाही भाव आहे.
पण ते किती पोरांत उतरलं, तेवढंच धरायचं.
घरोघर हिंडून सरदारची तेवीस पोरं बघितली.
ती चकाकी दोघांत.
सातवा रकाना आखला.
एकेचाळीसचे एकोणपन्नास झाले.

"आणि माझी लंगडी?
दिवस मावळला की न बोलवता घरी येते,
मेलेल्या शेळीचं पोर पाजते, तिचं काय?"
त्याला दर नाही, चाची.
"दर न्हाई, का तुला ठावं न्हाई?"

मला बघायला आले होते तेव्हा
चालून दाखव म्हणाले होते.
मोडशिंगीच्या पोराला
मी चालून दाखव म्हटलं नाही.

पहिल्या वर्षी त्याच्याकडे अकरा शेळ्या आल्या,
त्यातल्या सहा शिवगंगाच्याच भावकीच्या.
बाकीच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या.
वीस करडं झाली, एक गेलं.
एकोणीस वेळा हिवराची फांदी वाकली.
हसणं कधी थांबलं ते मी लिहून ठेवलेलं नाही.

परवा अंधार पडल्यावर
मागच्या बोळातून जैतूनबी चाची आल्या,
दोरीला लंगडी, ओट्यात ज्वारी.
"सरदारला कळू देऊ नको," म्हणाल्या,
आणि हसल्या नाहीत.

मी तारीख लिहिली, शेळीचं नाव लिहिलं,
सातव्या रकान्यापलीकडे, समासात, पेन्सिलनं:
आपणहून घरी येते.
पुढे रुपये नाहीत.
मॅडमनी वही तपासली,
खाली सही केली, ते खोडलं नाही.
काही विचारलंही नाही.

मोडशिंगीचं पोर खुंट्याशी
बाभळीच्या शेंगा खात होतं,
तोंड वाकडं करून.