पाणी कधी फिरेल

वास्कोच्या ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर,
कंपनीने खाणी सोडून हॉटेलं धरली
तरी कपाटात सत्तावीस फ्लॉप्या आहेत,
बिस्किटांच्या डब्यात,
रबरबँड वितळून एकमेकींना चिकटलेल्या.

पिएदाद फुर्तादबाईंचा प्रोग्राम, एक्क्याण्णवचा.
आमोण्याहून भरलेली बार्ज
कुठल्या पाण्याला कुठल्या पुलाखालून जाईल
एवढंच सांगायचा.
बार्जी भंगारात गेल्या.
भरती कुठे जाणार?

परवा चोडणचा कायतान आला.
यंदाच्या पावणीत मानस घेतलीय त्याने.
म्हणाला, जेटीवरचा कारकून
माझ्या बापाला कागद छापून द्यायचा,
रात्री पाणी कधी फिरेल त्याचा.
सरकारी तक्ता मुरगावचा.
आमच्याकडे पाणी उशिरा पोचतं.
किती उशिरा, ते त्या बाईने मोजलं होतं.

मी अर्ज वर पाठवला.
वकिलांनी विचारलं, मालकी कुणाची?
आपली.
विकला तर किती?
शून्य.
मग फुकट का द्यायचा?

खरं सांगू, शरम मलाही वाटते.
आत गोटूंचं जाळं, गुंता सुटत नाही.
पासवर्ड म्हणजे मालकाच्या कुत्र्याचं नाव.
एका तांडेलाची डिझेलचोरी, नावानिशी, लिटरात.
उघडायचं तर आधी धुवायला हवं.
धुणार कोण? मीच, रविवारी.
आणि चुकीच्या आकड्यावर कुणी दार उघडून
शेतात खारं पाणी घेतलं तर?
वकिलांचा हा प्रश्न काही खोटा नाही.

पण चोडणात बांधाला भगदाड पडलं
की शेत कुणाचं ते मागाहून विचारतात.
आधी चिखल.

चारशे बाराव्या ओळीवर बाईंनी लिहून ठेवलंय:
"हांगा हात लावचो न्हय.
कारण विसरलें, पूण उदक आयकता."
कुडतरीला फोन केला. ऐंशीच्या पुढच्या बाई.
"अजून चालतो?" म्हणाल्या,
आणि बराच वेळ हसत राहिल्या.

काल कुणाला न विचारता
फ्लॉप्या उतरवून घ्यायला बसलो.
सव्वीस वाचल्या.
एकोणिसावी नुसती खरखरली,
तीनदा पुसली, तरी.
तिच्यावर पेनाने लिहिलंय: चोडण, उशीर.

वकिलांचं उत्तर यायचंय.
कायतान आज रात्री मानशीवर बसेल,
बॅटरी विझवून,
पाण्यात हात घालून.