जयपूरला का पायलास

सिंदेवाहीच्या फाट्यावर उतरलो
तर पानठेल्यावरून पहिला प्रश्न तोच:
का पायलास गा जयपूरला?

हवामहाल पाहिला. रिक्षातून, रात्री साडेदहाला,
अर्धाच. उरलेला एका ट्रकच्या आड होता.
किल्ला नाही. राजवाडा नाही.
तीन दिवसांत मी नीट पाहिली ती एक फरशी,
हॉटेलच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलची, पांढरी,
दाराजवळ एका ठिकाणी उखडलेली,
तिथे वळताना टाच सांभाळायची.

हे पानठेल्यावर कसं सांगायचं.
म्हणालो, मस्त आहे. मोठं आहे.

जोडे वेगळे नेले होते,
तळाला मऊ कातडं, रस्त्याला लागू द्यायचे नसतात,
म्हणून धान-बियाण्याच्या पिशवीत गुंडाळलेले.
स्टेशनवर पोलिसाने विचारलं, बियाणं विकायला आलास?
मी जोडे काढून दाखवले.
तो जास्तच गोंधळला.

साल्सा शिकलो नागपूरला, पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षी,
बर्डीवर, एका जिमच्या माडीवर, महिना सातशे.
बचाता नंतर, इथे गिरणीत, फोनवर बघून,
तांदळाच्या पोत्याला जोडीदार मानून.
पोतं तसं बरं असतं. पाय चुकला तरी तोंड करत नाही.
फक्त वळत नाही.

पहिल्या रात्री पाऊण तास भिंतीला टेकून उभा.
सरबताचा एकच ग्लास, पुरवून पुरवून.
मग एका बाईने हात पुढे केला,
पन्नाशीची, लुधियानाची दातांची डॉक्टर (हे नंतर कळलं),
आणि माझ्या हाताने तो धरला,
मी ठरवायच्या आधीच.

त्या रात्री सतरा हात. मोजले मी.
एक गार, एक घामेजलेला,
एकीची अंगठी प्रत्येक गिरकीला बोचायची,
पोर्तुगालची एक पोरगी चुकली की हसायची
आणि चुकली नाही तरी.
कोणाचा तू, हे कुणी विचारलं नाही.
कोणत्या मोहल्ल्यातला, आडनाव काय, काही नाही.
नाव सांगितलं, देवाजी,
तर डॉक्टरीणबाईंनी आदराने वर आणखी एक जी लावला.
रात्रभर मी देवाजीजी.

चार मिनिटांचं गाणं, मग हात सोडायचा,
थँक्यू म्हणायचं. झालं.
आमच्याकडे हात धरला तर बैठक बसते
आणि सोडला तर मोठी बसते.

सोमवारी गिरणी सुरू.
हलर तीनदा खोकतो, चौथ्याला उचकी देतो.
एक, दोन, तीन, टप.
पाय माझे आपोआप.

मुखरूजी ननावरे कोंडा न्यायला आले होते, म्हशीसाठी.
वय चौऱ्याहत्तर. तीस वर्षं दंडारीत बाईचं पात्र.
अजूनही चालताना डावा खांदा आधी निघतो.
थांबले. माझ्या पायांकडे बघत राहिले.
का चाललं गा हे?

नाच आहे, म्हटलं. दोघांचा.
एकाने न्यायचं, दुसऱ्याने जायचं.

जाचं मले ठावं हाय, म्हणाले.
नेनारा धड पायजे.
टोपलं खाली ठेवलं, हात धोतराला पुसला, पुढे केला.

तळवा खरखरीत, सालीसारखा. बोटं मात्र
जयपुरात एकाचीही नव्हती इतकी हलकी.
मी डावीकडे म्हणून मनात आणेपर्यंत
ते डावीकडे जाऊन पोचलेले.
चौथ्या ठोक्याला त्यांनी कंबर अशी उचलली
की पाठीवर पोतं घेतलेला हमाल
पोत्यासकट तसाच उभा राहिला.
हलर बंद करायला कुणी गेलं नाही.
कोंडा उडत होता, दोघांच्या भुवया पांढऱ्या,
त्यांच्या आधीच होत्या.

एवढं घट्ट धरू नको, म्हणाले, मी पळत नाई.

मग म्हैस आठवली.
टोपलं डोक्यावर घेतलं, दारात वळले.
जयपूरला का पायलास, सांगतलासच नाई.

फरशी, मी म्हणालो.

त्यांना नवल वाटलं नाही.
उखडली होती का कोठं?

दाराजवळ.

रायतेच, म्हणाले, आणि गेले.