पोटातलं पाणी

नॉरफकच्या सपाट मुलखात
युद्ध संपल्यावर ओसाड पडलेली एक धावपट्टी होती.
तिथे आम्ही गाडीला उभं राहायला शिकवलं.
धावणं तिला येतच होतं.

रात्री पंप बंद केला की तेलाचा दाब उतरत जायचा
आणि ती बसायची,
आधी मागचा डावा पाय, तिथला व्हॉल्व्ह जरा पाझरायचा,
मग बाकीचे तीन.
कुंपणापलीकडच्या गाई पुढचे गुडघे आधी टेकत. हिचं उलटं.
सकाळी पार्जेटर चावी फिरवायचा, ती उठायची,
आणि तो टोपीला बोट लावून म्हणायचा,
"मॉर्निंग, मॅडम."

चाळीस वर्षं त्याने स्प्रिंगा वळल्या होत्या.
"स्प्रिंग इमानी असते, हेस्टर.
फक्त तिला शहाणपण धक्का बसल्यावर सुचतं."
मग तिचं डोलणं आवरायला डॅम्पर हवा,
आणि डॅम्परची समजूत काढायला पार्जेटर.

माझ्याकडे स्प्रिंग नव्हती.
चार चाकांवर चार सिलिंडर, तेलाने ठासलेले,
आणि सीटमागे पावाच्या लादीएवढी एक पेटी,
जी सेकंदात अडीचशे वेळा विचारायची:
पुढचं उजवं, किती वर? मागचं डावं, किती भार?
उत्तर येताच केसाएवढी फट उघडायची,
तेल आत, नाहीतर तेल बाहेर.
उंचवटा आला की चाक पोटाशी घ्यायचं,
खळगा आला की पाय लांब करायचा,
ब्रेक लागला तरी नाक खुपसू द्यायचं नाही,
कारण तळाखालून पळणारी हवाच तिला जमिनीशी धरून ठेवते
आणि ती हवा फार मानी.
उंची बोटभर बदलली की हात सोडते.

मार्चमध्ये एका ओळीत मी अधिकच्या जागी उणे लिहिलं.
गॅरेजमध्ये उभ्या उभ्या गाडीने उडी मारली.
पार्जेटरचा चहा छताला लागला.
तो डाग आम्ही पुसला नाही.

एत्तोरे सांद्रिगो एप्रिलमध्ये आला.
तिसऱ्या वळणावर, जिथे काँक्रीटचे सांधे उखडलेत,
तिथून तो पट्टीने रेघ ओढावी तसा गेला.
माझ्या कागदावरही रेघच: तळाची उंची, सरळ.
घड्याळात सव्वा सेकंद कमी.
आम्ही एकमेकांच्या पाठी थोपटत होतो
तेव्हा तो उतरला. हेल्मेट काढलं. चेहरा पांढराफटक.

"पोटातलं पाणीसुद्धा हललं नाही," तो म्हणाला,
आणि ही तक्रार होती.
"ती सुटणार असते तेव्हा आधी माझ्या पाठीला सांगते,
मग कमरेला, मग मनगटाला.
तुमची पेटी तिचं सगळं ऐकून घेते
आणि मला काही कळू देत नाही."

रात्रभर मी आकड्यांसमोर बसले.
जे पुसायला दोन वर्षं घातली होती
त्यातलं चमचाभर परत ओतलं:
वळणावर अर्धा अंश कलणं,
ब्रेकला चार मिलिमीटर नाक खाली.
गणिताने पाहिलं तर चूकच.
वहीत तिला काय नाव द्यावं सुचेना,
शेवटी 'एत्तोरे' असंच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी वेळ थोडा वाढला. तो शीळ घालत उतरला.

दोन मोसमांनी नियम आला,
गाडीने स्वतःचं स्वतः ठरवायचं नाही.
सिलिंडर तेल पुसून खोक्यात गेले, स्प्रिंगा परत आल्या.
पार्जेटर जिंकला होता,
पण महिनाभर कुणाशी धड बोलला नाही.

कितीतरी वर्षांनी नॉरिचच्या थांब्यावर आम्ही दोघं.
बस आली, सुस्कारा सोडून फुटपाथकडे झुकली.
हल्ली म्हाताऱ्यांसाठी झुकतात.
ही हवेवर चालते, तेलावर नाही,
आणि विचार वगैरे काही करत नाही, ड्रायव्हर बटण दाबतो,
हे मी त्याला सांगणार होते.
तेवढ्यात त्याने काठी डाव्या हातात घेतली
आणि टोपीला बोट लावलं.