शेवटचे सोळा बाईट

महापे, एमआयडीसी, दुसरा मजला.
सात वाजले. एसी बंद झालाय,
सोल्डरचा वास तेवढा ओव्हरटाइमला थांबलाय.

टेबलावर पाण्याचा मीटर, पोट उघडं.
वॉचडॉग चावला की हा दचकून जागा होतो
आणि आपण कितव्यांदा पडलो तेच विसरतो.
म्हणून एक व्हेरिएबल केलं: पडझड.
आचरेकर सर म्हणाले, इंग्रजीत नाव ठेव.
नाही ठेवलं.

नाव कंपायलरला कळतं. लिंकरलाही.
बूटलोडरला नाही.
तो वर्षापूर्वीच चिपमध्ये भरून सीलबंद झालाय,
त्याला नुसता आकडा ठाऊक:
दोन, तीन शून्यं, चार, एफ, एफ, शून्य.
तिथे जे सापडेल, त्यालाच तो पडझड म्हणणार.

आणि लिंकरचं काय, मी कुठे एक अ‍ॅरे वाढवला
की सगळ्यांची बिऱ्हाडं चार घरं पुढे.
परवा त्या जागी पाण्याचं तापमान जाऊन बसलं. सत्तावीस.
सत्तावीसदा पडलो, असं समजून
कोपरखैरण्याच्या एका सोसायटीतल्या मीटरने
स्वतःला कुलूप लावून घेतलं.
सेक्रेटरी कुरियनबाईंचे अकरा मिस्ड कॉल.

आज लिंकर स्क्रिप्ट उघडली.
रॅमच्या टोकाचे सोळा बाईट मोजून वेगळे काढले,
स्टॅकचं डोकं तेवढं खाली घेतलं,
वर लिहिलं, नोलोड,
म्हणजे सकाळी शून्याचा झाडू मारत येणाऱ्याने
या खोलीत पाऊल टाकायचं नाही.

आमच्या आज्याला पत्र यायचं ते नुसतं
बामा चांगो मढवी, तळवली.
पोस्टमन खाडीच्या बांधावर येऊन हातात द्यायचा.
मग एक पत्र आलं त्यात नाव तळाला,
आधी सर्व्हे नंबर, मग हिस्सा.
तेही बरोबर पोचलं.

मॅप फाईलमध्ये शोधते. आहे. तिथेच आहे.
रिसेट दाबते: एक.
पुन्हा: दोन.
पुन्हा, उगाच: तीन.

वीज गेली तर मात्र भरवसा नाही,
पत्ता तोच, आत भलतंच कुणी.
म्हणून शेजारच्या चार बाईटांत एक खूण पुरायची,
आधी ती तपासायची, मगच मोजणीवर विश्वास.
खुणेला आकडा लागतो
सहज कुठे न सापडणारा.

मला एक पाठ आहे.