यापूर्वी

कोर्टाच्या चार नंबर गेटासमोर
काळोख्यांच्या झेरॉक्समध्ये माझं टेबल.
वरून मेट्रो गेली की डबीतल्या पिना किंचित वाजतात.

अकरा वर्षं त्या जुन्या मशीनवर.
'नावबदल'च्या साच्यावर दोनदा टिचकी मारली
तर साचा स्वतः बाहेर यायचा नाही,
एक कोरी प्रत पुढं करायचा,
अनामिक एक, अनामिक दोन,
संध्याकाळपर्यंत अनामिक चाळीस.
मूळ आत, सोवळ्यात.
माझं बोट त्याला कधी लागलं नाही.

मग एका गुरुवारी लाईट गेली, आली,
मशीन उठलं नाही.
काळोख्यांचा भाचा नवीन घेऊन आला,
फुकटातली सिस्टिम टाकून दिली.
सगळं तेच आहे काकू, फाइली तश्शाच.
फाइली तशाच होत्या.
टिचकीचा अर्थ बदलला होता.

ते कळायच्या आत आल्या
चारुलता बबन भिंताडे, राहणार धायरी.
म्हणजे परत भिंताडे. मधली चौदा वर्षं
प्लास्टिकच्या पिशवीत: निकालपत्र, आधार, गॅसचं पुस्तक.
स्क्रीनकडे बघत म्हणाल्या,
जुनं नाव ह्याच्यातनंपण जातं का हो?
जातं म्हटलं. सेव्ह केलं.
पाचशेचा मुद्रांक, वर नोटरी,
वीस रुपये सुट्टे नव्हते, राहू दे म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी भरतीला निघालेला एक पोरगा,
दाखल्यावर आईच्या नावाची वेलांटी चुकलेली.
साचा उघडला
तर आत भिंताडेबाई बसलेल्या.
टिंबांच्या जागी त्यांचं नाव, त्यांचं धायरी, वय एक्केचाळीस,
आणि 'यापूर्वी'च्या पुढं
तेच, जातं म्हणून मी सांगितलेलं.

भाचा फोनवर म्हणाला, ही सिस्टिम मूळच उघडते काकू.
उजवी टिचकी मारून 'यावरून नवीन' घ्यायचं.
नाहीतर कुलूप लावा, वाचण्यापुरती ठेवा.
सोपंय.

सोपंच आहे.
माझ्या लग्नात ताटात तांदूळ पसरून
ह्यांनी अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं.
सगळे वाकून बघत होते, कुणीतरी फोटो काढला.
मग ते तांदूळ कुणी उचलले, कुठल्या डब्यात गेले,
कुणास ठाऊक.
कोरी प्रत घ्यायची असते
हे कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मावशी, हे माझं नाव नाही, पोरगा म्हणाला.
माहितीय. थांब जरा.

आधी 'यापूर्वी'च्या पुढचं खोडलं. सेव्ह.
मग वय, मग धायरी.
नावाशी आल्यावर बोट थोडं थांबलं,
वर मेट्रो गेली, पिना वाजल्या.
तिथं किती टिंबं होती
आठवेना.
एकेक टाकत बसले,
पोरगा घड्याळ बघत होता.