एकतीस मार्च, झेरॉक्स दोन रुपये

उपकोषागाराच्या फाटकासमोर माझं टिनाचं दुकान.
वर्षभर सातबारे, आधार, टीसी,
एखाद्या हरवलेल्या म्हशीचं पत्रक.
आज दहालाच यंत्र तापलं.
टेबलफॅन त्याच्याकडे वळवला,
माझा घाम पदराला.

फेब्रुवारीत टीव्हीवरचा माणूस सांगत होता:
तूट आटोक्यात, वाढ अपेक्षित.
आमच्यात तूट म्हणजे काट्यावर गोणीमागं जाते ती,
आणि वाढ म्हणजे
जेवता जेवता कुणी ताट पुढं करून म्हणतं ते.
कधीचं पुढं केलेलं आहे ताट.

घनश्याम ठवकर बिलं घेऊन आले.
चार प्रती, मागंपुढं.
मोजमाप पुस्तिका, फोटो, पुन्हा चार प्रती.
मोहखेडच्या नाल्यावरची पुलिया त्यांची.
पुलिया म्हणजे दोन खांब, गेल्या मार्चातले,
आणि वर आभाळाकडे निघालेल्या सळ्या.
एप्रिलात तरतूद होती, मान्यता नव्हती.
ऑगस्टात मान्यता आली
तर वरून पत्र: साठ टक्क्यांच्या पुढं जाऊ नका.
दिवाळीत म्हणे पुरवणी मागण्या.
मग काहीच नाही.
मग आज सगळं.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, म्हणतात.
इथं आडात असतं.
पोहराच वर्षातून एकदा सोडतात,
रात्री बाराला दोर कापायचा या बोलीवर.

मधल्या महिन्यांत
सेंटरिंगवाला इरफान सुरतला निघून गेला,
फळ्या इथंच. त्यांवर कोंबड्या बसतात.
बुधवारच्या बाजारात सांबार विकणारी गिरजा म्हणाली,
"काम चालू होतं तवा जुडी दहाले जाये,
आता पाचले बी कोणी पायत नाई."
राजकोषीय म्हणजे काय, तिला मी विचारलं नाही.
तिनं सांगूनच टाकलं होतं.

रात्री पावणेबारा.
आत मडावी बाईंच्या स्क्रीनवर गोल फिरतंय.
वीज दोनदा गेली,
माझ्या बॅटरीची वायर खिडकीतून आत दिली.
बाई सकाळपासून जेवल्या नाहीत,
डबा तसाच, फायलींवर वजन म्हणून.
त्यांच्यावर चिडणं म्हणजे
कोरड्या नळाच्या तोटीवर चिडणं.

आदेश आला.
प्रत काढताना मला आकडा दिसला: तीस चौपन्न.
वीस वर्षं कागद उलटे घालते काचेवर,
लेखाशीर्षं पाठ आहेत मला.
पन्नास चौपन्न म्हणजे नवं बांधणं.
तीस चौपन्न म्हणजे आहे त्याची डागडुजी.
"भाऊ, हे तर दुरुस्तीचे पैसे आहेत."
ठवकरांनी कागद ट्यूबलाईटला धरला.
"काय दुरुस्त करू जी?
झालीच कुठं अजून?"

अकरा बावन्न.
बांधणीच्या शीर्षात शून्य,
दुरुस्तीच्या शीर्षात थोडं उरलेलं,
आणि उरलेलं परत गेलं
तर पुढच्या साली तेवढी कात्री.
म्हणून न झालेली पुलिया
त्या आठ मिनिटांत दुरुस्त झाली.
सही. शिक्का.
माझे चोवीस रुपये.

एप्रिलात यंत्र थंड, मी झाकण पुसते.
ठवकरांची सिमेंटवाल्याकडची उधारी फिटली म्हणे,
उरल्यात दोन डबे रंग आला.
खांबांना काळे-पिवळे पट्टे,
खाली साल, योजनेचं नाव, रक्कम.
नाला आता कोरडा, पोरं खालूनच जातात,
पण पावसाळ्यापासूनची सवय,
एक हात सळईला.

माझी धाकटी काल शाळेतून आली,
तळहात पिवळा.
साबणानं जात नाही.
रॉकेलनं गेला असता.
रॉकेल कधीचं बंद झालं.